तळे, फाटक आणि बिनशेपटीचा कोट

गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नाच्या खरेदीसाठी लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात गेलो होतो. लग्न लागताना सोवळे, वरातीला शेरवानी आणि रात्रीच्या स्वागतसमारंभाला काळा कोट, अशी नवरदेवांची हल्लीची वाटणी आहे. दुकानदाराने आतून एक कोट काढला. काळाभोर, रेशमी कॉलरचा, मागे शेपटी नसलेला. "टक्सिडो आहे, काका," असे म्हणून त्याने किंमत सांगितली, आणि ती ऐकून माझे मेहुणे शेजारच्या स्टुलावर बसले. मला मात्र त्या नावाचाच चाळा लागला. पैठणी म्हणजे पैठणची, चंदेरी म्हणजे चंदेरीची, हे आपल्याला ठाऊक असते. मग हा टक्सिडो कुठला?

वाचकांना नवल वाटेल, पण टक्सिडो हे मुळात एका तळ्याचे नाव आहे. न्यूयॉर्क शहराच्या वायव्येला सुमारे ४० मैलांवर रॅमापो नावाचे डोंगर आहेत. फार उंच नाहीत. आपल्या सह्याद्रीच्या मानाने टेकड्याच म्हणायच्या. त्या टेकड्यांच्या कुशीत हे तळे आहे. नाव तिथल्या मूळच्या लेनापे लोकांच्या भाषेतून आले. कोणी त्याचा अर्थ लांडग्याशी जोडतात, कोणी वाकड्यातिकड्या पाण्याशी. या तळ्याकाठी १८८६ साली एका धनिकाने निवडक श्रीमंतांसाठी एक खासगी वसाहत उभी केली. तिचे नाव टक्सिडो पार्क. कोटाला नाव मिळाले ते या वसाहतीवरून.

मुलीकडे न्यू जर्सीत राहायला गेलो असताना जावईबापूंनी एका रविवारी मला तिथपर्यंत नेले. तिथपर्यंत म्हणजे फाटकापर्यंत. समोर रेल्वेचे छोटेसे स्टेशन, रुळांपलीकडे दगडी बांधणीची, बुरुजासारखी चौकी, आणि चौकीपासून वळण घेत झाडीत नाहीसा होणारा रस्ता. आत जायचे तर आतल्या कोणाची ओळख हवी. ती आमच्यापाशी नव्हती, म्हणून तळे काही दिसले नाही. पण फाटक पाहिल्यावर आतली हकीकत जाणून घेतल्याशिवाय चैन पडेना, आणि मी पुस्तके उघडून बसलो.

हकीकत सुरू होते तपकिरीपासून. लोरिलार्ड हे मूळचे फ्रान्समधले प्रोटेस्टंट घराणे. १७६० साली या घराण्यातल्या पहिल्या पियरने न्यूयॉर्कमध्ये तपकिरीचा कारखाना काढला. त्या काळी साऱ्या सभ्य जगाच्या नाकात तपकीर असे, तेव्हा धंदा फोफावला यात नवल नाही. पुढे चघळायची तंबाखू आली, धूम्रपानाची तंबाखू आली, पिढ्या बदलल्या, पैसा वाढतच गेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रॅमापोच्या डोंगरातली हजारो एकर जमीन कर्जवसुलीत या घराण्याकडे आली. त्या भागात लोखंडाच्या खाणी आणि भट्ट्या होत्या. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांची गलबते अडवण्यासाठी हडसन नदीवर १७७८ साली जो प्रचंड लोखंडी साखळदंड बांधला होता, तो जवळच्याच स्टर्लिंगच्या कारखान्यात घडवलेला. म्हणजे परक्याला अडवण्याचे काम या डोंगरांना नवे नव्हते.

ही जमीन वारसावारसांत वाटली जात जात चौथ्या पियर लोरिलार्डच्या पिढीपर्यंत आली. हा चौथा पियर मोठा हौशी माणूस. घोड्यांचा नाद असा, की त्याच्या 'इरॉक्वा' या घोड्याने १८८१ साली इंग्लंडची डर्बी जिंकली. अमेरिकेत जन्मलेल्या घोड्याने ती शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या श्रीमंती गावात त्याने 'ब्रेकर्स' नावाचा वाडा बांधला होता. १८८५ मध्ये तो त्याने व्हँडरबिल्ट घराण्यातल्या कॉर्नेलियसला विकून टाकला. (पुढे तो वाडा जळाला आणि त्या जागी व्हँडरबिल्टने महाल बांधला. आज प्रवासी तिकीट काढून पाहतात तो हाच.) समुद्रावरून उठून याने डोंगरातल्या आपल्या वडिलार्जित तळ्याकडे मोर्चा वळवला. भाऊबंदांचे हिस्से विकत घेतले. काही हिस्से त्याने पत्त्यांच्या डावात जिंकले अशी दंतकथा आहे. खरी असो वा नसो, माणसाच्या स्वभावाला ती शोभते.

त्याच्या मनात आधी होता शिकारीचा आणि मासेमारीचा एक क्लब. पण श्रीमंत माणसाचा बेत एकदा सुटला की शिकारीच्या झोपडीवर थांबत नाही. त्याने ब्रूस प्राइस हा स्थापत्यविशारद आणि बोस्टनचा अर्नेस्ट बाउडिच हा अभियंता यांना हाताशी धरले, आणि १८८५ च्या पानगळीत काम सुरू केले. इटालियन आणि स्लोव्हाक मिळून १८०० मजूर आणले. तिकडचा हिवाळा म्हणजे जमीन दगडासारखी गोठते, तळ्यावर माणसे चालतात. तशा हिवाळ्यात ही माणसे डोंगर फोडत होती. १८८६ च्या मे महिन्याअखेर, म्हणजे अवघ्या आठ-नऊ महिन्यांत, वसाहतीचे उद्घाटन झाले तेव्हा काय काय तयार होते ते ऐका. खडी दाबून केलेले ३० मैलांचे रस्ते, पाणीपुरवठ्याचे आणि सांडपाण्याचे नळ, बंधारा, फाटक आणि चौकी, क्लबाची इमारत, २२ बंगल्या, तबेले, नौकागृह, बर्फ साठवायचे कोठार, पोहण्याचा हौद, टेनिसची मैदाने, ट्राउट माशांची पैदास करण्याचे तळे, आणि फाटकाबाहेर दुकानांच्या दोन ओळी. साऱ्या रानाभोवती सुमारे २४ मैल लांबीचे आणि ८ फूट उंचीचे तारेचे कुंपण.

या यादीत लोक बंगल्यांचे कौतुक करतात. बंगल्या सुरेख होत्या हे खरे. प्राइसने त्या डोंगराच्या रंगात मिसळतील अशा बांधल्या. खाली रानातलाच दगड, वर लाकडाच्या पातळ कौलांच्या भिंती, उतरती छपरे. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या फ्रँक लॉइड राइटने १८८९ साली शिकागोजवळ स्वतःचे पहिले घर बांधले, त्याच्या दर्शनी भागावर प्राइसच्या या बंगल्यांची छाया आहे असे जाणकार सांगतात. तरी मला विचाराल तर खरी तारीफ जमिनीखालच्या नळांची. घर उभे राहण्याआधी पाणी कुठून येणार आणि घाण कुठे जाणार याचा विचार झाला होता. आपल्याकडे आधी इमारत उठते, मग रस्ता होतो, आणि गटाराची आठवण पहिल्या पावसात येते. बाउडिचने रस्तेही सरळ रेघेत न आखता डोंगराच्या उतारांबरोबर वळवत नेले, त्यामुळे दर वळणावर तळे नव्याने दिसावे अशी सोय आपोआप झाली.

मात्र जमिनीइतकीच दुसरी एक गोष्ट लोरिलार्डने आखून ठेवली होती, ती म्हणजे शेजार. इथली जमीन बाजारात जाऊन कोणालाही घेता येत नसे. आधी टक्सिडो क्लबाचे सभासद व्हायचे, आणि सभासदालाच जमीन मिळायची. सभासद कोणाला करायचे हे क्लब ठरवणार. म्हणजे एका अर्थी इथे विकली जात होती ती नुसती जागा नव्हे, शेजाऱ्यांची हमी होती. अशी वसाहत अमेरिकेत ही पहिलीच नव्हे. न्यू जर्सीतल्या लूएलिन पार्कला १८५७ पासून फाटक होते, आणि १८८६ मध्येच थॉमस एडिसनने तिथे घर घेतले. पण तिथे शास्त्रज्ञ-कलावंत शांतता शोधत आले होते. टक्सिडोला आले ते एकमेकांना शोधत.

त्या पहिल्या वर्षी, ऑक्टोबर १८८६ मध्ये, क्लबात शरद ऋतूचा नाच भरला. आता आपला कोट येतो. त्या काळी संध्याकाळच्या समारंभाला पुरुषाने मागे लांब शेपट्या असलेला कोट घालायचा हा नियम. पियरचा २२ वर्षांचा मुलगा ग्रिसवोल्ड आणि त्याचे मित्र बिनशेपटीचे कोट आणि आत लाल सॅटिनची जाकिटे घालून नाचाला आले. न्यूयॉर्कच्या एका समाजवार्तापत्राने त्यांची भरपूर टिंगल केली. वडीलधाऱ्यांना काय वाटले असेल ते सांगायला नको. आपल्याकडे कोणी मुंजीला हाफपँट घालून यावे तसे.

पण नुसत्या या पोरकटपणातून कोट जन्मला असे मात्र मानू नये. क्लबात दुसरी कथा सांगितली जाते आणि ती मला अधिक पटते. क्लबाचा एक सभासद जेम्स ब्राउन पॉटर त्याच उन्हाळ्यात सपत्नीक इंग्लंडला गेला होता. तिथे युवराजाने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, त्यांना घरी बोलावले. खेड्यातल्या घरी जेवताना युवराज आखूड कोट घालीत असे. तसा कोट युवराजाच्याच शिंप्याकडून, लंडनच्या हेन्री पूल यांच्याकडून, पॉटरने शिवून घेतला आणि टक्सिडोला आणला. पूल यांच्या दुकानाचे म्हणणे असे, की युवराजासाठी असा कोट त्यांनी १८६५ मध्येच शिवला होता. म्हणजे कोट इंग्लंडचा आणि नाव अमेरिकेचे. टक्सिडोची मंडळी हाच कोट घालून न्यूयॉर्कच्या उपाहारगृहांत जाऊ लागली, लोक विचारू लागले की हे कोण, आणि उत्तर मिळे, "टक्सिडोचे." बिचारा ग्रिसवोल्ड १८८८ मध्ये, ऐन चोविशीत वारला. आपल्या लाल जाकिटाचा इतिहास होणार आहे हे त्याला कळलेही नाही.

प्राइस या बांधणाऱ्याला एक मुलगी होती, एमिली. वसाहत उठत होती तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची होती आणि बापाबरोबर तिथे वावरत होती. पुढे तिचे लग्न झाले, संसार मोडला, दोन मुलगे पदरात, आणि बाई लेखणीवर उभी राहिली. १९२२ साली तिने शिष्टाचारावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. तीच ही सुप्रसिद्ध एमिली पोस्ट. पाहुण्याची ओळख कशी करून द्यावी, शोकपत्र कसे लिहावे, जेवणाच्या टेबलावर कुठला काटा केव्हा उचलावा, हे सारे त्या ग्रंथात आहे. टक्सिडोच्या दिवाणखान्यांत तिने जे पाहिले होते ते पोस्टबाईंनी छापून विकायला ठेवले, आणि कारकुनांच्या, शेतकऱ्यांच्या, कालपरवा बोटीतून उतरलेल्या माणसांच्या मुलींनी ते विकत घेतले. कुंपण ८ फूट उंच होते, पण आतल्या रीतीभाती अशा एका पुस्तकाच्या किमतीत घरोघर पोचल्या. मला या साऱ्या कथेतला हा भाग फार गोड वाटतो.

पहिल्या साध्या बंगल्या मात्र फार काळ पुरल्या नाहीत. शतक सरताना आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तळ्याकाठी दगडी वाडे उठले. कोणी इंग्लंडच्या धर्तीवर, कोणी फ्रान्सच्या. १९०७ च्या उन्हाळ्यात मार्क ट्वेनही इथे भाड्याने घर घेऊन राहिला. घरमालक असलेल्या मंडळींची नावे, त्यांच्या घरांची नावे, त्यांच्या नाचांच्या तारखा, सारे लिहून ठेवलेले सापडते. हिवाळ्यात डोंगर फोडणाऱ्यांचा मात्र आकडा तेवढा पुस्तकापुस्तकांतून फिरत राहतो, १८०० म्हणून. वसाहत चालवायला माळी, गाडीवान, स्वयंपाकी, पहारेकरी लागत. त्यांच्यासाठी फाटकाबाहेर, स्टेशनाच्या बाजूला वस्ती वाढली. तिचेही नाव टक्सिडोच. एकच नाव, आत एक गाव आणि बाहेर एक.

लोरिलार्ड १९०१ मध्ये वारला. ज्या जगासाठी त्याने हे उभारले ते जग त्याच्या मागे फार टिकले नाही. १९१३ पासून अमेरिकेत मिळकतीवर कायमचा कर आला. महायुद्ध झाले, आणि वीस-वीस नोकरांचे घर चालवणे परवडेनासे झाले. १९२८ मध्ये जॉन रसेल पोप या नामांकित स्थापत्यकाराकडून क्लबाची नवी इमारत बांधून घेतली, आणि पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळला. त्यानंतरची वर्षे वाड्यांना कठीण गेली. काही कुलूपबंद पडले, काही मिळेल त्या भावाने गेले, काही पाडले गेले. ती क्लबाची इमारतही १९४३ मध्ये आगीत गेली. जे कुंपण बाहेरच्याला आत येऊ देत नव्हते, त्याने मंदीला अडवले नाही, आणि ज्यांना शेजारी म्हणून निवडून घेतले होते तेच एकेक करून घर सोडून गेले.

नेमक्या त्या पडत्या काळात एक वेगळाच माणूस इथे रमला होता. आल्फ्रेड ली लूमिस याचे नाव. धंद्याने तो आधी वकील, मग भांडवलदार, आणि मनाने शास्त्रज्ञ. १९२९ चा अनर्थ त्याने आधीच ओळखला आणि आपले पैसे रोख करून ठेवले. १९२६ मध्ये त्याने टक्सिडो पार्कमधला 'टॉवर हाऊस' नावाचा वाडा घेऊन त्यात प्रयोगशाळा थाटली. रॉबर्ट वुड या पदार्थवैज्ञानिकाबरोबर त्याने कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींवर प्रयोग केले, झोपलेल्या माणसाच्या मेंदूतल्या विजेचे आलेख काढले, डोंगराच्या खडकात अतिशय अचूक अशी लंबकाची घड्याळे बसवून चंद्राच्या ओढीने लंबकावर होणारा परिणाम मोजला. आइन्स्टाइन, बोहर, हायझेनबर्ग, फर्मी असे लोक या वाड्यात पाहुणे म्हणून येऊन गेले. क्लबाने सभासद निवडताना ज्यांचा विचारही केला नसता अशी ही मंडळी, आणि तीच त्या गावाची सर्वांत मोठी शोभा ठरली.

सप्टेंबर १९४० च्या अखेरच्या शनिवार-रविवारी या वाड्यात जे घडले त्याला इतिहासात तोड कमी. लंडनवर जर्मन बाँब पडत होते. ब्रिटिश सरकारने आपल्या शास्त्रज्ञांचे एक मंडळ युद्धातली गुपिते घेऊन अमेरिकेला पाठवले होते. त्यातले कॉक्रॉफ्ट आणि बोवेन हे दोघे टक्सिडोला लूमिसकडे आले आणि त्यांनी एक लहानशी वस्तू दाखवली. ती होती मॅग्नेट्रॉन. फक्त १० सेंटीमीटर लांबीच्या रेडिओलहरी भरपूर जोराने निर्माण करणारे हे यंत्र, हातात मावेल एवढे. अशा आखूड लहरी मिळाल्या तर विमानात बसेल असे लहान रडार करता येईल, हे लूमिसला तत्काळ उमगले. महिन्या-दोन महिन्यांत केंब्रिजच्या एम.आय.टी. या संस्थेत रडारची मोठी प्रयोगशाळा सुरू झाली, आणि टॉवर हाऊसमधले काम तिकडे गेले. युद्धात रडारने काय केले ते सर्वांना माहीत आहे. आज आपल्या सुनेच्या स्वयंपाकघरात दूध गरम करणारी जी मायक्रोव्हेव भट्टी असते, तिच्या पोटातही मॅग्नेट्रॉनच असतो.

युद्ध संपले, आणि १९५२ मध्ये टक्सिडो पार्कने न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याखाली स्वतःची गाव म्हणून नोंद करून घेतली. म्हणजे महापौर आला, निवडून दिलेले विश्वस्त आले, मतदान आले, कर आला. एका माणसाच्या मर्जीने आणि एका क्लबाच्या निवडीने सुरू झालेली वसाहत पासष्ट-सहासष्ट वर्षांनी सरकारी चौकटीच्या आश्रयाला आली. यात मला पराभव दिसत नाही. उलट शहाणपण दिसते. रस्ते, नळ आणि पहारा यांचा खर्च कोणी तरी करावा लागतो, आणि मोठ्या मनाचा एकच धनिक तो पिढ्यान्‌पिढ्या करील यावर कोणते गाव चालले आहे? १९८० मध्ये या परिसराची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद झाली. मग उरलेल्या वाड्यांना आणि बंगल्यांना पुन्हा चांगले दिवस आले.

आता तिथे सहाशेच्या आसपास माणसे राहतात. मूळच्या हजारो एकरांपैकी सुमारे दोन हजार एकर गावाच्या हद्दीत आहेत. शेपटीच्या कोटाचा नियम मोडणाऱ्या पोरांचा क्लबही अजून आहे. फाटकावर अजून पहारा असतो, मात्र तो ज्यांच्या करातून चालतो त्यांनी निवडलेल्या महापौराच्या राज्यात. तळी तीन आहेत. मोठे टक्सिडोचे, दुसरे वी वा नावाचे, आणि तिसरे अगदी लहान. बाहेरच्या गावातली माणसे सकाळी त्याच छोट्या स्टेशनावरून गाडी पकडून न्यूयॉर्कच्या बाजूला कामाला जातात. आतल्या घरांना पाणी येते ते टक्सिडोच्या तळ्यातूनच, १८८६ सारखे.